दातातली दोरी

"अहेरीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर..." इथपर्यंत मी बोलले आणि थांबले. माइक उघडाच राहिला. चंद्रपूरच्या सगळ्या स्टँडला माझा नुसता श्वास ऐकू गेला असणार, कारण समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या एकदम वर कर्ण्याकडे बघायला लागल्या. बारा वर्षं मी या काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारते आहे. ताप अंगात असताना पुकारल्या, आई गेली त्याच आठवड्यात परत येऊन पुकारल्या, आवाज कधी अडखळला नाही. त्या दिवशी अडखळला, कारण काचेपलीकडे माझा भाऊ संघपाल त्याच्या तीन मित्रांना माझी ओळख करून देत होता, आणि त्यानं घेतलेलं नाव माझं नव्हतं.

संघपाल जन्मापासून बहिरा आहे. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, चौतिसाचा. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात तो बाबांबरोबर धान करतो, मोह वेचतो, तेंदू तोडतो. त्या दिवशी चंद्रपुरात बहिऱ्यांच्या संघटनेची बैठक होती. ती आटोपून परतीच्या गाडीआधी तो केबिनमध्ये डोकावला, रविवारी अहेरीहून पाहुणे येणार आहेत, तू यायचंच, एवढं हातानं सांगितलं आणि फलाटावर मित्रांकडे गेला. मी बघत होते. त्यानं केबिनकडे बोट केलं. मला वाटलं, आता हात कानाच्या पाळीला जाईल. आम्हा दोघांची हातांची एक भाषा आहे, जगात दुसऱ्या कुणाला न येणारी, आणि तिच्यात कानाची पाळी चिमटीत धरणं म्हणजे मी. लहानपणी माझे कान टोचले तेव्हा कितीतरी दिवस मी भोकात कडुनिंबाची काडी घालून हिंडत होते, तेव्हापासूनचं ते नाव. पण हात कानाला गेला नाही. त्यानं डाव्या मनगटाभोवती उजव्या हातानं दोन वेढे दिल्यासारखं केलं आणि न दिसणारी दोरी दातात धरून ओढली. तेंदूच्या पानांचा पुडा असा बांधतात. मला आधी वाटलं, तेंदूचं काही सांगतोय. पण त्यांच्यातल्या एकानं मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं, तीच खूण करून भुवया उंचावल्या, आणि संघपालनं मान हलवली. हो, तीच. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

केसरबाई स्टँडवर झाडू मारते. तिनं केबिनच्या दारातून डोकं आत घातलं. "बाई, अहेरी कुठी लागली ते सांगून टाका ना. लोकं मले पुसून राह्यले." मी सांगितलं. फलाट चार, दोनदा सांगितलं. आणि सांगता सांगता मला माझ्या दातांमध्ये दोरीची चव आली. पळसाच्या सालीची ओली, तुरट चव, पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हाच मला कळलं की त्यानं मला कुठल्या दिवसावरून नाव दिलंय. कळलं, आणि मी ते लगेच झटकून टाकलं. शक्यच नाही, म्हटलं. त्याला काय ठाऊक असणार? त्याला ऐकू येत नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. माणसाला पाठीमागे वेगळं नाव असतं, स्टँडवर मलाही आहे, मला ते ठाऊक आहे आणि त्याचं काही वाटत नाही. पण ही पाठ नव्हती. हे माझ्या डोळ्यांदेखत, काचेच्या पलीकडे, आमच्याच भाषेतला हात वापरून चाललं होतं. ज्या घरात मी त्याची जीभ होते, बाबा त्याच्याशी बोलायचं तर मला हाक मारत, सरपंच, तलाठी, दवाखान्यातला डॉक्टर सगळे त्याच्याकडे बघत आणि मला विचारत, त्या घरातल्या माणसानं मला एक नाव लपवून ठेवलं होतं. किती वर्षं? कुणाकुणाला सांगितलं? मी सोडून सगळ्या बहिऱ्या जगाला माझं ते नाव ठाऊक असेल, या विचारानं माझी कानशिलं तापली. आणि रविवारी त्याच्यासाठी बोलायला मलाच बसायचं होतं. मुलीकडचे त्याला पसंत करतात की नाही, हे निम्मं तरी माझ्या बोलण्यावर होतं.

मुलीचं नाव करिष्मा. तीही बहिरी. अहेरीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. दोघांची ओळख मोबाइलवर झाली, व्हिडिओ कॉलवर, हातांनी. ते हात मला कळत नाहीत. गेल्या सहा वर्षांत संघपाल शहरांतल्या बहिऱ्यांची भाषा शिकला, इतकी भराभर की मी तोंडाकडे बघत राहिले. सुट्टीला घरी गेले की तो पडवीत फोन बाजेच्या पायाला टेकवून बसलेला असतो आणि त्याची बोटं अशी चालतात की मला एक अक्षर लागत नाही. माझ्याशी बोलताना तो हात सावकाश करतो. लहान मुलांशी बोलावं तसं.

त्याचा पहिला शब्द कुणी केला? हा प्रश्न मला हैदराबादच्या मॅडमनी विचारला होता. सहा वर्षांपूर्वी त्या कॅमेरा घेऊन आमच्या गावात आल्या, दोन हंगाम राहिल्या. भाषा माणूस कुणाकडून तरी घेतो, की घेऊनच जन्माला येतो, याचा त्यांना शोध लावायचा होता. ज्याच्या कानावर कधी एक शब्द पडला नाही, ज्याला कुणी खुणांची शाळा दाखवली नाही, असा मोठा झालेला माणूस त्यांना हवा होता आणि तो आमच्याकडे होता. मी म्हटलं, पहिला शब्द मी केला. मॅडमनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. नंतर कळलं, त्यांनी त्यालाही वेगळं बसवून हेच विचारलं होतं आणि त्यानंही छातीवर बोट ठेवलं होतं. मी.

आता खरं कोण सांगणार? मला आठवतं ते एवढंच. तो चार वर्षांचा होता, मी सहाची. शेजारच्या पोचूकाकांची बकरी रात्रीतून गेली. सकाळी गावभर गलका, रक्ताचा माग, माणसं काठ्या घेऊन निघालेली, आणि हा माझा परकर ओढतोय. मी ओरडले, त्यानं सोडला नाही. मला खुंट्यापाशी नेलं आणि सांगितलं. सांगितलं, हाच शब्द. आधी खुंटा दाखवला, मग बकरीची हनुवटी, मग बोटांनी स्वतःच्या बरगड्यांवर पट्टे ओढले, मग बकरी पुन्हा, पण आता मान वाकडी, मग हात खांद्यावरून मागे टाकला, म्हणजे हे होऊन गेलं. मग तुटलेली दोरी उचलून माझ्या हातात दिली. त्यानं यातलं काही पाहिलं नव्हतं, तो झोपला होता. दोरी बघून त्यानं मागची सगळी रात्र मनात रचली होती आणि ती त्याला कुणाला तरी द्यायची होती. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, पण मला कळलं की हा नुसते हातवारे करत नाही, हा बोलतोय. पट्टे मी त्याला शिकवले नव्हते, खांद्यावरून मागे जाणारा हात तर नाहीच. पण मी नसते तर तो परकर कुणाचा ओढणार होता? मॅडमना हे मी परोपरीनं सांगितलं. टाळीला दोन हात लागतात, असलं काहीतरी त्यांनी सौम्यपणे म्हटलं आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

दुसरा शब्द मात्र दोघांचा, तो मी कुणाला देणार नाही. मार्च-एप्रिलात मोह गळायला लागला की उजाडताना सगळं गाव रानात असतं. वाकून फुलं वेचायची. वाकलेल्या माणसाची पाठ वाघाला जनावराची वाटते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून रीत अशी, की थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून ओ द्यायची. ज्याची ओ आली नाही त्याच्याकडे सगळ्यांनी धावायचं. संघपालला हाक कुठून ऐकू येणार? आईनं ते काम माझ्याकडे दिलं. हाक आली की मी उभी राहून त्याच्याकडे तोंड करायची आणि हात वर करायची, तळवा त्याच्याकडे. तोही दर थोड्या वेळानं मान वर करून बघायचा आणि तसाच तळवा दाखवायचा. मग मी आम्हा दोघांची मिळून ओ द्यायची, दोनदा. हळूहळू तो तळवा रानातून घरात आला. भात आहे का? तळवा. बाबा घरी आहेत? तळवा. शेवटी आमच्या भाषेत 'आहे' म्हणायला तोच हात झाला. कितीतरी पहाटे मी फुलांपेक्षा त्याच्याकडे जास्त पाहिलं, टोपली अर्धीच भरायची आणि आई रागवायची. तेव्हा मला वाटायचं, माझी नजर हलली तर हा नाहीसा होईल.

मॅडमचं पुस्तक दोन वर्षांनी टपालानं आलं. इंग्रजीत. मी डिक्शनरी घेऊन या केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाचलं. संघपालचे पानोपानी फोटो, हातांवर बाण काढलेले. एका फोटोत माझं कोपर आहे. मजकुरात मी आहे, नाही असं नाही: ऐकू येणारी एक नातेवाईक. आणि निष्कर्ष असा, की भाषा देणारं आसपास कुणी नसतानाही या माणसानं स्वतःच्या आतून नियम असलेली भाषा उभी केली, म्हणजे ती ताकद जन्मजात असली पाहिजे. त्या नातेवाईक बाईनं ती भाषा त्याच्याकडून उचलली, त्याच्याइतकी सफाई तिच्या हातांत नाही. हे वाचून मी पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि गडचिरोली, फलाट दोन, असं इतक्या जोरात पुकारलं की कर्णा फाटायचा राहिला. आईनं केलं नसेल इतकं मी त्याचं केलं आणि माझ्या वाट्याला आलं एक कोपर.

पण मनाची गंमत अशी, की तोच निष्कर्ष मला दुसऱ्या क्षणी हवासा वाटायचा. भाषा जर त्याच्या आतूनच येणार होती, कुणी असो वा नसो, तर मग मी त्याचं काही हिरावलं नाही. त्याला शाळा मिळाली काय आणि न मिळाली काय, तो बोलताच झाला असता, झालाच. जन्मजात नसेल तर मी त्याची भाषेतली आई, आणि जन्मजात असेल तर मी निर्दोष. दोन्ही एकदम मिळायची सोय नव्हती. चहा घेताना मी आई व्हायची, कप विसळेपर्यंत निर्दोष. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मला वाटत होतं की हा माझा एकटीचा हिशेब आहे, त्याला यातलं ठाऊकही नाही.

तो मे महिना होता. मी अकराची, तो नऊ वर्षांचा. पहाटे तोडलेल्या पानांचे पुडे घरच्या सावलीत बसून बांधायचे, सत्तर पानांचा एक, संध्याकाळच्या आत. आई रानात गेली होती. मी, बाबा आणि संघपाल बांधत होतो. चंद्रपूरच्या बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेतले एक गुरुजी लुना ढकलत अंगणात आले. गावोगाव फिरून पोरं शोधत होते. राहणं, जेवण, कपडे सगळं शाळेचं. त्यांनी खिशातून एक फोटो काढला आणि बाबांना न दाखवता आधी संघपालला दाखवला. पोरांच्या रांगा, आणि सगळ्यांचे हात वर. कुणाचे छातीशी, कुणाचे तोंडाशी. संघपालनं तो फोटो दोन्ही हातांनी धरला. मी त्याचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही एकदाच पाहिला, पहिल्यांदा करिष्माचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा. त्यानं माझ्याकडे वळून सांगितलं. तळहातावर बोट फिरवलं, शाळा. छातीवर बोट, मी. हात सरळ पुढे, जाणार. मग धावत आत गेला आणि त्याचा निळा शर्ट घेऊन बाहेर आला, घडी घातलेला, तसाच छातीशी धरून.

"काय म्हणते व तो?" बाबांनी मला विचारलं.

माझ्या हातात पुडा होता, दोरीचं एक टोक दातात. मी मान वर केली नाही. दातांतली दोरी न सोडताच बोलले. "नाई म्हणते. मले नाई जायाचं म्हणते."

"मंग तो सदरा कायले आणला?"

"पाहुणे आले म्हून. अंगात घालाले."

बाबांना हायसं वाटलं, ते दिसलं मला. त्यांनाही पोरगं दूर धाडायचं नव्हतंच, पण 'नाही' त्यांना स्वतःच्या तोंडून म्हणायचं नव्हतं. "राहू द्या मंग गुर्जी," ते म्हणाले. "त्याचीच मरजी नाई." गुरुजींनी फोटो हळूच सोडवून घेतला, पाणी प्यायले आणि लुना ढकलत गेले. संघपाल शर्ट धरून उभा. मी त्याला खुणेनं सांगितलं, घाल. त्यानं घातला. बटणं लावली, गळ्याचंही. आणि त्या उन्हाळ्याच्या दुपारी तो शर्ट घालून अंधार पडेपर्यंत अंगणात बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. त्याला वाटत होतं, माणूस परत येणार आहे.

का केलं? लहान होते, असं म्हणून मी सुटू शकते, अकरा वर्षांच्या पोरीला कुणी फाशी देत नाही. पण मला ठाऊक होतं मी काय करते आहे. तो गेला की आमची भाषा मी कुणाशी बोलणार, ही एक गोष्ट. आणि दुसरी, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही, ती अशी की त्या घरात पोरीला कुणी काही विचारत नव्हतं. 'तो काय म्हणते' एवढंच विचारत. तो नसता तर तेवढंही विचारलं नसतं. मग सात वर्षांनी बाबांनी मला कॉलेजला चंद्रपूरला पाठवलं तेव्हा मी गेले. मागे वळून तळवा दाखवला आणि गेले. मी इकडे माणसांत, आवाजात, आणि तो तिकडे एका माणसाची भाषा घेऊन, जिच्यात उत्तर द्यायला कुणी नाही. ती जन्मजात असो की नसो, इतकी वर्षं तिचं त्यानं काय केलं असेल? बैलांशी बोलला असेल. किंवा मनात एक नाव तयार करत बसला असेल, डाव्या मनगटाभोवती दोन वेढे, आणि दातानं गच्च.

रविवारी पाहुणे आले. करिष्मा, तिची आई भागीरथाबाई आणि वडील बापूजी. आमच्या बाबांनी, म्हणजे देवरावांनी, धुतलेला दुपट्टा गळ्यात टाकला होता. पोहे झाले, चहा झाला. संघपालनं निळाच शर्ट घातला होता, नवा, इस्त्रीचा, आणि मला त्या रंगाकडे बघवेना. करिष्मा त्याच्याशी हातांनी बोलत होती आणि तो हसत होता. मला काही कळत नव्हतं. भागीरथाबाईंना लेकीचं सगळं कळत होतं आणि त्या मधूनमधून स्वतःशीच हसत होत्या. आलेल्या पाहुणीला माझ्या भावाचं बोलणं कळतंय आणि मला नाही, हे मी चहाबरोबर गिळलं. स्टँडपासून तीन दिवस मी ठरवत होते की त्याला एकटं गाठायचं आणि विचारायचं. पण विचारायला हातच उठला नाही.

मग भागीरथाबाईंनी सहज विचारलं. "देवरावभाऊ, पोरगं एवढं हुशार आहे, शाळेत काऊन नाई घातलं? आमची करिष्मा चंद्रपुरलेच शिकली. तिच्या वर्गात इकडचेच दोन पोरं होते."

"गुर्जी आले होते ना घरी," बाबा म्हणाले. "पण यानंच नाई म्हटलं. त्याची मरजी नव्हती तर कसं पाठवाव?" आणि त्यांनी साक्षीला माझ्याकडे पाहिलं.

भागीरथाबाईंनी ते हातांनी लेकीला सांगितलं. करिष्मानं कपाळाला आठ्या घातल्या आणि संघपालला विचारलं. तो माझ्याकडे वळला. कित्येक महिन्यांनी तो माझ्याशी आमच्या भाषेत असा बोलला, सावकाश नाही, पूर्वीच्या वेगात. तेंदू. ऊन. लुनावाला माणूस. फोटो, हात वर केलेली पोरं. तळहातावर बोट, छातीवर बोट, हात सरळ पुढे. शर्ट. मग मनगटाभोवती दोन वेढे, दातात दोरी, आणि दोरीसकट हलणारे ओठ. मग दुपट्टा, म्हणजे बाबा, आणि त्यांची नकारार्थी मान. मग शर्टाची बटणं, एक एक, गळ्यापर्यंत. हात खांद्यावरून मागे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खुंट्याशी बसून बकरीची गोष्ट सांगितली होती तसंच त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. फरक एवढाच की ही त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. मग बाबांकडे बोट करून तो थांबला. सांग.

माझ्याच घरात, माझ्या हातचा चहा पाहुण्यांच्या हातात असताना, त्यानं मला हे सांगायला लावावं? मनात पहिलं हेच आलं. मला एकटीला विचारायचं होतंस, भांडायचं होतंस, पंचवीस वर्षांत एकदा माझ्या हातावर मारायचं होतंस. पण आजवर त्याला बाबांशी बोलायला माझ्याशिवाय दुसरं तोंड नव्हतं, आणि ती व्यवस्था माझीच. मी अजूनही वाटेल ते बोलू शकत होते. घरी कामं होती म्हणतो. आजारी होतो म्हणतो. भागीरथाबाईंना आमचे हात कळत नव्हते. पकडणारं कुणी नव्हतं. संघपाल माझ्या ओठांकडे बघत होता, आणि तेव्हा मला उमगलं की तो आयुष्यभर तिथंच बघत आला आहे. ऐकू न येणाऱ्या माणसानं खोटं पकडायला दुसरं कुठं बघायचं?

"मले जायाचं होतं," मी म्हणाले. त्याचं बोलणं सांगताना मी नेहमी 'तो म्हणते' अशी सुरुवात करायची, त्या दिवशी ते तोंडात आलंच नाही. "मी सदरा आणला होता. माह्या बहिणीनं सांगतलं नाई. तिनं सांगतलं, नाई म्हणते. मी पाहात होतो. तिच्या दातात दोरी होती."

चहाच्या कपाचा आवाज झाला, बापूजींनी तो खाली ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "हे तो म्हणून राह्यला, का तू म्हणून राह्यली?"

"तो," मी म्हटलं.

बाबांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "म्हणजे तो सदरा..." एवढं म्हणाले, उठून संघपालच्या जवळ गेले. त्याच्याशी बोलायला म्हणून हात वर उचलले आणि ते हवेत तसेच राहिले, कारण बाबांना आमची भाषा येत नाही. इतकी वर्षं कधी लागलीच नव्हती, मी होते ना. शेवटी त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर नुसती सरळ केली.

लग्न ठरलं. भागीरथाबाईंनी जाताना बाबांना तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की पोरगं अहेरीला राहील, तिकडे त्याच्यासारखी दहा-बारा माणसं आहेत, बोलायला सोबत होईल. बाबा हो म्हणाले. मला कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही उरलं नव्हतं. पाहुणे अंगणाच्या फाटकाशी पोहोचले, संघपाल त्यांना पोचवायला निघाला. मी उंबऱ्यात उभी होते. तो एकदा तरी वळेल, असं मला वाटत होतं. वळला नाही. वळली करिष्मा. तिला होणाऱ्या नणंदेचा निरोप घ्यायचा होता. लांबून हाक मारता येत नाही, म्हणून तिनं हात हलवून माझं लक्ष वेधलं आणि मनापासून हसत मला माझ्या नावानं बोलावलं. डाव्या मनगटाभोवती दोन वेढे, आणि दातानं ओढलेली दोरी. मघाशी घरात सांगितलेलं सगळं भागीरथाबाईंनी अजून तिला सांगितलं नसावं. तिला वाटत होतं, माझं हे साधंसुधं नाव आहे.

संघपालनं ते पाहिलं. त्याचा हात थोडा उचलला गेला. मला वाटलं, आता तो तिला थांबवेल आणि कानाची पाळी धरून दाखवेल. त्यानं हात खाली घेतला आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

मी हात वर केला, तळवा त्यांच्याकडे. आहे.